चव्वेचाळीस बसून, अकरा उभे

आंधळगावच्या धर्मेंद्र रामटेकेला पुण्याहून पत्र आलं, तेव्हा घरात सगळ्यांना आधी वाटलं की बदलीचा कागद आला. त्याची बायको भावना हिनं पाकीट न उघडताच टीव्हीवर ठेवून दिलं आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून कामं केली. धर्मेंद्र एसटीत कंडक्टर, तुमसर-करडी गाडीवर. बदली झाली असती तर कुठे गडचिरोलीकडे फेकला गेला असता.

पण पत्र एसटीचं नव्हतं. जाड, पिवळसर कागद, निळी शाई, आणि वर ‘सन्माननीय कंडक्टर महोदय’.

आता हे पत्र कशानं आलं ते सांगायला हवं. नोकरीखेरीज धर्मेंद्रचा एक ऑर्केस्ट्रा होता, ‘झंकार ऑर्केस्ट्रा’. लग्नात, गणपतीत, नवरात्रात सिनेमाची गाणी म्हणायची. एके काळी नऊ माणसं होती. पुढे गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि कॅसिओ वाजवणारा टेकचंद पडला त्या जिल्ह्यात. तो म्हणू लागला की आता मी बाहेरचा कलाकार, पोस्टरवर माझं नाव सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत पाहिजे. त्यावरून तुटलं. मग गावोगाव डीजे आले आणि उरलेलेही पांगले. राहिला धर्मेंद्र, आणि ढोलकवाला हेमराज. हेमराज त्याच्याच गाडीचा ड्रायव्हर असल्यामुळे जाऊन जाणार कुठे!

ऑर्केस्ट्रा संपला, पण त्याची कार्डं संपली नव्हती. छापणाऱ्यानं कार्डावर ‘धर्मेंद्र रामटेके, कंडक्टर’ असं छापलं होतं, कारण पंचक्रोशीत नुसत्या नावानं त्याला कोणी ओळखलं नसतं. त्यातलं एक कार्ड कुणाच्या तरी लग्नातून फिरत फिरत पुण्याला, मिनोचर दस्तूर नावाच्या वयस्कर पारशी गृहस्थांच्या हाती पडलं. दस्तूर तिथे कॅम्पात साठ माणसांचा गायकवृंद चालवत. हातात छडी घेऊन समोर उभं राहायचं, आणि साठ जणांनी त्या छडीबरहुकूम एकत्र गायचं. अशा माणसालाही कंडक्टर म्हणतात, हे धर्मेंद्रला ठाऊक नव्हतं. आणि एसटीच्या गाडीत कोण असतो, याचा दस्तुरांनी जन्मात विचार केला नव्हता, कारण ते कधी एसटीत बसलेच नव्हते.

‘मी स्वतः चाळीस वर्षे कंडक्टर आहे,’ दस्तुरांनी लिहिलं होतं. ‘आपल्या भागात समूहाने गाण्याची काय स्थिती आहे, हे जाणून घेण्याची मला उत्कंठा आहे. आपल्यासमोर किती माणसे असतात? ती बसलेली असतात की उभी? आपण छडी वापरता की नुसता हात?’

“चाळीस वर्षं?” भावना म्हणाली. “मंग रिटायर काहून नाही झाला?”

“पुणे डिव्हिजन हाय. तिकडचं काही सांगता येत नाही.”

“अन गाण्याचं कायले विचारून राहिला?”

“त्याचाही ऑर्केस्ट्रा असंल. माह्यासारखाच हाय बिचारा.”

धर्मेंद्रला बरं वाटलं. सात वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी ‘महोदय’ म्हटलं नव्हतं. त्यानं रविवारी आंघोळ करून, खुर्ची अंगणात घेऊन उत्तर लिहिलं. एक अक्षर खोटं लिहायचं नाही असं ठरवून लिहिलं. ‘माझ्यासमोर चव्वेचाळीस बसून आणि अकरा उभे अशी परवानगी आहे. बाजाराच्या दिवशी त्याच्या दुप्पट होतात, मग हात वर करायलाही जागा राहत नाही. छडी वापरत नाही, पंच वापरतो. त्याच्या टिकटिक आवाजावर लोक आपोआप शिस्तीत येतात. थांबायचं असल्यास एक घंटी, निघायचं असल्यास दोन. बायका आम्ही पुढे घेतो. आपण पुढे घेता की मागे?’

हे पत्र वाचून पुण्यात दस्तूर बराच वेळ खिडकीत उभे राहिले म्हणे. त्यांनी उलट टपाली लिहिलं की, फार पूर्वी फ्रान्स देशात कंडक्टर लोक जमिनीवर काठी आपटून ताल देत. ती प्रथा नष्ट झाली असे आम्ही समजत होतो, ती भंडारा जिल्ह्यात धातूच्या रूपाने जिवंत आहे हे वाचून डोळे भरून आले. ‘बायका आम्हीही पुढेच घेतो, डाव्या बाजूला. जाड आवाजाचे पुरुष मागे.’

“पाह्य,” धर्मेंद्र भावनाला म्हणाला, “सगळ्या महाराष्ट्रात नियम एकच.”

असं वर्षभर चाललं. दस्तूर विचारायचे, लोक मध्येच थकतात का? धर्मेंद्र लिहायचा, फाट्याच्या पुढे पेंगतात, पण खड्डा आला की जागे होतात. दस्तूर विचारायचे, कुणी चुकलं तर काय करता? धर्मेंद्र लिहायचा, पुढच्या थांब्यावर उतरवून देतो. दस्तूर आपल्या वृंदाला ही पत्रं वाचून दाखवत. तिथले दोन-तीन आळशी गायक त्यामुळे वेळेवर येऊ लागले.

मग एका पत्राबरोबर कॅसेट आली.

दस्तुरांना जुन्या ध्वनिमुद्रणांचा नाद होता. ग्रामोफोन नवा होता त्या काळातल्या लाखेच्या तबकड्या ते जमवत. तेव्हा माइक नव्हता. गाणाऱ्यांनी एका मोठ्या भोंग्यासमोर दाटीवाटीनं उभं राहायचं, भोंग्यात ओरडायचं, आणि ते तबकडीवर कोरलं जायचं. अशी एक तबकडी त्यांना जुन्या बाजारात मिळाली होती. तिचा कागद वाळवीनं खाल्लेला. मागे पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं, ‘भंडारा, समूह’. पुष्कळ माणसं एकदम गात आहेत, पण काय गात आहेत ते कळत नाही. ‘आपण त्या मातीतले आहात. कृपया आपल्या माणसांना ऐकवून अर्थ कळवावा.’

आपली माणसं म्हणजे गाडीतली माणसं, याबद्दल धर्मेंद्रच्या मनात शंका नव्हती. हेमराजनं केबिनमध्ये स्वतःचा टेप बसवला होता. दुपारची तीनची गाडी तुमसरहून सुटली, आणि गाव मागे पडल्यावर त्यानं कॅसेट लावली.

आधी नुसतं खरखर, भात शिजल्यासारखं. मग त्यातून गलका आला. बाया होत्या, पुरुष होते, एक फारच जाड आवाज होता. सगळे एकावर एक चढत होते. तीन मिनिटांत संपलं.

“अरे, हे तर आमचं रोवण्याचं गाणं हाय!” टिकाराम म्हणाला. टिकाराम करडीचा, तळ्याखाली त्याचं धानाचं शेत. “बांधीत चिखलात उभ्या राहून बाया म्हणतेत नं, थेच.”

“काही नाही,” बायजाबाई म्हणाली. ती राइस मिलमधली पाळी संपवून घरी निघाली होती. “हे विहारातलं हाय. आम्ही पौर्णिमेले म्हणतो थे.”

“अवो बाई, ही तबकडी छप्पनच्या दीक्षेच्या किती आधीची हाय,” धर्मेंद्र म्हणाला. तो स्वतः विहारात पेटी वाजवायचा, त्यामुळे त्याला याबाबतीत बोलायचा हक्क होता.

“मंग आधीपासून तयारी करून राहिले असतीन,” बायजाबाई म्हणाली.

मागच्या बाकावर मंगरू हमाल होता. त्यानं सांगितलं की हे दोन्ही चूक, हे पोतं पाठीवर घेताना हमाल म्हणतात ते आहे. पुरावा म्हणून त्यानं ते म्हणून दाखवलं. तेव्हा टिकारामनं रोवण्याचं म्हणून दाखवलं, आणि बायजाबाईनं आपलं सुरू केलं. तिघांच्या बाजूनं तिघांची माणसं उभी राहिली. फाट्यापर्यंत गाडीत तीन गाणी एकदम चालू होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे दोघे थकले की आपलं खरं ठरेल. कुणी थकलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात लोक आधीची गाडी सोडून तीनच्या गाडीची वाट बघू लागले. करडीला काही काम नसलेले लोकही चढू लागले, आपली बाजू कमी पडू नये म्हणून.

धर्मेंद्रनं हे सगळं प्रामाणिकपणे कळवलं. ‘तीन गट आहेत. तिघे एकाच वेळी तीन वेगळी गाणी म्हणतात. मी थांबवायला गेलो तर मलाच विचारतात, तू कोणाच्या बाजूचा?’

यावर पुण्याहून पत्र आलं नाही, तार आली. दस्तूर स्वतः येत होते.

तुमसर रोड स्टेशनवर ते उतरले तेव्हा अंगात काळा कोट होता, आणि काखेत एक लांबट पेटी. धर्मेंद्र खाकी गणवेशात, बिल्ला लावून उभा होता. काळा कोट बघून त्याला वाटलं, बापरे, हा तर कंट्रोलर झालेला दिसतो. खाकी बघून दस्तुरांना वाटलं, वृंदाला गणवेशही आहे! दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. दोघंही एकदमच वाकल्यामुळे डोकी एकमेकांवर आपटली. ऑटोत बसून तुमसरच्या स्टँडवर येईपर्यंत दोघं कपाळ चोळत होते आणि ‘काही नाही, काही नाही’ म्हणत होते.

“आपलं सभागृह लांब आहे?” दस्तुरांनी विचारलं.

“हे काय जी, समोर उभी हाय.”

दस्तुरांनी लाल गाडीकडे पाहिलं. मग वर चढले, आत उभे राहून एकदा टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकलं. “छप्पर ठेंगणं आहे,” ते म्हणाले, “पण पत्रा असल्यामुळे घुमेल.” आणि पुढच्या डाव्या बाकावर बसले.

“तिथं नका बसू जी, बायकांची जागा हाय. तुमच्या डेपोत चालत असंल, इथं बाया उठवतेत.”

“माझ्या कशात?”

“डेपोत.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. स्टँडवर कुणीतरी भोंग्यावरून नागपूर गाडीची सूचना देत होतं. धर्मेंद्रच्या हातातला पंच आपोआप दोनदा वाजला. दस्तुरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिकिटांच्या ट्रेकडे, मग घंटीच्या दोरीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकेक पत्र उलगडत गेलं.

धर्मेंद्रला जमीन फाटावी असं झालं. वर्षभर त्याला वाटत होतं की कुठेतरी आपल्यासारखाच एक माणूस आहे. आता तो समोर होता, आणि साफ वेगळा निघाला होता.

“तुम्ही लिहिलेलं,” दस्तूर हळूच म्हणाले, “सगळं खरं होतं?”

“अक्षर न अक्षर, जी.”

“माझंही.” दस्तुरांनी काखेतली पेटी उघडून पांढरी, पातळ छडी काढली. “मग आपण थांबायचं कशाला? तुमची माणसं बोलवा.”

माणसं बोलवायची गरजच नव्हती. ती खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत होती. तीनची गाडी भरली, भरून ओसंडली. दस्तूर ड्रायव्हरच्या केबिनला पाठ लावून, तोंड उतारूंकडे करून उभे राहिले. हेमराजनं मान वळवून विचारलं की घंटीकडे लक्ष ठेवू की काडीकडे. धर्मेंद्र म्हणाला, घंटीकडे. गाडी सुटली, तिन्ही गाणी सुरू झाली, आणि फाट्यावर छडी जोरात खाली आली तेव्हा हेमराजनं ब्रेक मारलाच.

त्याच ब्रेकवर फाट्याला केशरबाई चढली. ही टिकारामची मोठी आत्या. नव्वदीच्या आसपासची, दात नसलेली, पण कान अजून ताजे. तिनं ती कॅसेट आजवर ऐकली नव्हती, कारण ती सहा महिन्यांतून एकदा माहेरी करडीला जायची. टिकाराम म्हणाला, आता आत्याच सांगेल खरं काय ते. बायजाबाई आणि मंगरूही कबूल झाले. हेमराजनं गाडी बाजूला लावली, कॅसेट लावली.

केशरबाईनं पदर कानामागे सारला आणि पूर्ण ऐकलं.

“हे गाऊन नाही राहिले,” ती म्हणाली. “भांडून राहिले.”

“काय म्हणतेस आत्या!”

“ऐक नं बापा. थो जाडा हाय, थो म्हणते, मांगं सरक. बाई म्हणते, तूच सरक, माह्या पायावर उभा हायेस. पाय काढ नं गा, पाय काढ. थे दुसरी म्हणते, मी सकाळपासून उभी हावो, ह्या आताच्या आल्या अन पुढं घुसल्या.”

हेमराजनं पुन्हा लावलं. आता ते सगळ्यांनाच ऐकू आलं, आणि एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. रोवणं गेलं, विहारातलं गेलं, पोतं गेलं. भोंग्यासमोर जागा थोडी आणि माणसं फार. यंत्र सुरू झालेलं कुणाला कळलंच नव्हतं. ते जागेसाठी भांडत राहिले, आणि गाणं सुरू व्हायच्या आत तबकडी संपून गेली.

गाडीत हसू फुटलं. पण दस्तूर हसत नव्हते. त्यांनी कोटाच्या खिशातून दुसरी कॅसेट काढली. ती हातात धरून म्हणाले की, मला एक गोष्ट सांगायला हवी. ही तबकडी मी अक्षर अक्षर लिहून काढली. माझ्या साठ गायकांना शिकवली. मागच्या नाताळात आम्ही ती मोठ्या सभागृहात सादर केली. आम्हाला वाटलं ही कुठल्यातरी जुन्या भाषेतली प्रार्थना आहे.

“लावा,” केशरबाई म्हणाली.

टेपमधून साठ आवाज आले. असे आवाज त्या गाडीत आजवर कुणी ऐकले नव्हते. बायकांचे आवाज वर, अगदी टपाला टेकलेले, आणि खालून पुरुषांचे, विहिरीतून आल्यासारखे. सावकाश, एकमेकांना वाट देत, काठोकाठ दुःखानं भरून ते म्हणत होते, “पा-य-का… ढनं-गा… पा-य-का… ढनं-गा…” मग एकच बाई एकटी वर गेली, “मां-गं…” आणि सगळे मिळून तिच्यामागे, “सर-क…” शेवटी टाळ्यांचा कडकडाट होता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते असं दस्तूर म्हणाले.

मंगरूनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नाक पुसलं. हे शब्द तो रोज म्हणत होता, रोज ऐकत होता. त्यात एवढं काही असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“अजून एकदा लावा,” बायजाबाई म्हणाली.

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा ती बरोबर म्हणू लागली. मग टिकाराम, मग मंगरू. पाठ करायची गरज नव्हती, सगळ्यांना येतच होतं. दस्तुरांची छडी वर गेली आणि तुमसर-करडी गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहून, चव्वेचाळीस बसून आणि न जाणो किती उभे, एका सुरात एकमेकांना पाय काढायला सांगत राहिली. बाजूनं जाणारा बैलगाडीवाला उतरून बघायला आला, आणि जागा नसताना चढला.

करडी आली, पण निम्मे लोक उतरलेच नाहीत. धर्मेंद्रनं त्यांना निमूटपणे परतीची तिकिटं फाडली. करडीचे नवे चढले. जागेवरून खरंखुरं भांडण लागलं, आणि त्यात मध्ये मध्ये सूर लागू लागला.

धर्मेंद्र मागच्या दाराशी उभा होता. तो गायला नव्हता. दस्तुरांना त्यानं वर्षभर उत्तरं लिहिली होती, आता विचारायला त्याच्याकडे एकच प्रश्न होता, आणि तो त्याला नीट मांडता येत नव्हता.

“जी,” तो शेवटी म्हणाला, “तुमी हात वर करता तवा… तवा काय होते?”

“करून बघा,” दस्तूर म्हणाले. छडी त्याच्या हातात दिली आणि त्याची जागा घेऊन मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांनी घंटीची दोरीही धरून पाहिली.

धर्मेंद्र पुढे गेला. माणसांकडे तोंड केलं. आठ वर्षं तो या लोकांमधून वाट काढत, ‘सरका, सरका’ म्हणत फिरला होता. सगळ्यांचे चेहरे असे एकदम आपल्याकडे वळलेले त्यानं कधी पाहिले नव्हते. त्यानं हात वर केला.

गाडी गप्प झाली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, त्याही गप्प झाल्या, कारण हेमराजनं इंजिनच बंद केलं.

आता हात खाली करायचा होता. पण खाली केला की काहीतरी सुरू होणार, आणि काय सुरू होणार ते धर्मेंद्रला माहीत नव्हतं. झंकारची नऊ माणसं होती तेव्हाही त्यानं कधी असा हात वर केला नव्हता. तिथे तो फक्त माइक धरायचा. हात वरच राहिला. बाहेर शेंगदाणेवाला ओरडायचा थांबला. कोंबडी घेऊन चढलेल्या बाईनं कोंबडीची चोच हातानं मिटून धरली.

“कर नं खाली, बापा,” केशरबाई म्हणाली. “हात दुखंल.”

धर्मेंद्रनं हात खाली केला.

मग जे सुरू झालं ते काय होतं, याबद्दल करडीत अजून एकमत नाही. टिकाराम म्हणतो रोवणं, बायजाबाई म्हणते विहारातलं, आणि मंगरूला कुणी विचारतच नाही. धर्मेंद्रला स्वतःला काही आठवत नाही. आपल्या अंगावर कुणीतरी गरम पाण्याची घागर ओतली एवढंच त्याला वाटलं, आणि आपण रडलो हे त्याला भावनानं घरी विचारल्यावर कळलं, कारण गालावर धुळीचे ओघळ तसेच होते.

मागच्या दाराशी दस्तुरांनी दोनदा दोरी ओढली. हेमराजनं सवयीनं गिअर टाकला. गाडी करडीहून फार उशिरा सुटली. दस्तूर घंटीच्या दोरीला धरून उभ्याउभ्या झोपले, आणि डेपोत उशिराचं कारण काय सांगायचं यावर धर्मेंद्र आणि हेमराज तुमसर येईपर्यंत बोलत राहिले.